विश्लेषण : खात्यातली रक्कम वळती करताना 'स्टोअर्ड प्रोसिजर' काय करते?

ऑनलाइन पैसे पाठवताना एका खात्यातून रक्कम वजा होते आणि दुसऱ्यात जमा होते. डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी कामे. वजावट झाली आणि जमा होण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर पैसे अधांतरी. म्हणून दोन्ही कामे एकाच 'ट्रान्झॅक्शन'मध्ये बांधतात. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. हा नियम संकेतस्थळाच्या पीएचपीत लिहायचा, रात्री हिशेब जुळवणाऱ्या पायथॉनमध्ये, की थेट डेटाबेसमध्ये?

डेटाबेसमध्ये ठेवला तर?

नाव देऊन डेटाबेसमध्येच साठवलेल्या सूचनांच्या संचाला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये ती २००५ च्या ५.० आवृत्तीत आली. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन पूर्वीपासून होती. 'कॉल' आदेशाने चालणारी प्रोसिजर २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीत मिळाली. नियम एकाच जागी राहतो, हा फायदा उघडच आहे. त्याहून मोठा फायदा अधिकारांचा. स्क्रिप्टला फक्त प्रोसिजर चालवण्याची परवानगी द्यायची, खात्यांच्या तक्त्याला हात लावण्याची नाही. मग स्क्रिप्टचा पासवर्ड फुटला तरी शिल्लक परस्पर बदलता येत नाही.

पायथॉनमधून ती कशी बोलावतात?

'कॉलप्रॉक' या मेथडला प्रोसिजरचे नाव आणि मूल्यांची यादी द्यायची. मायएसक्यूएलच्या अधिकृत कनेक्टरमध्ये प्रोसिजरने भरलेली उत्तरे त्याच यादीच्या नव्या प्रतीत परत येतात. मूळ यादी तशीच राहते, आणि नवखे नेमके तीच तपासत बसतात.

खरा घात मात्र 'कमिट' विसरल्याने होतो. पायथॉनच्या डेटाबेस मानकानुसार बदल आपोआप कायम होत नाहीत. प्रोसिजरमध्येही कमिट नसेल, तर स्क्रिप्ट 'यशस्वी' म्हणून संपते, जोडणी बंद होते आणि सारे बदल मागे घेतले जातात. एररही येत नाही.

पीएचपीत निराळा त्रास. मायएसक्यूएलची प्रोसिजर निकालाच्या तक्त्यांनंतर शेवटी स्वतःची स्थिती सांगणारे एक उत्तरही पाठवते. ते न वाचता पुढची क्वेरी पाठवली, की २०१४ क्रमांकाची एरर हमखास. (हा आकडा सालाचा नव्हे.) यावर जोडणी तोडून पुन्हा जोडण्याचा उपाय काहीजण करतात, उरलेले निकाल वाचून टाकणे पुरेसे असते.

प्रोसिजर वापरली की 'एसक्यूएल इंजेक्शन' टळते का?

हा समज अर्धाच खरा आहे. मूल्ये पॅरामीटर म्हणून वेगळी दिली, तर ती आदेशाचा भाग होत नाहीत. पण स्क्रिप्टने ग्राहकाने टाइप केलेला मजकूर 'कॉल'च्या वाक्यातच चिकटवला, किंवा प्रोसिजरने आत तसाच मजकूर जोडून नवा आदेश तयार केला, तर हल्लेखोराला वाट मिळते. दुसरा प्रकार सहसा नजरेतून सुटतो, कारण तपासणारा स्क्रिप्ट वाचतो आणि ती जोडाजोड डेटाबेसमध्ये असते.