पहिला मोठा पैसा रेडरवर की डिफेंडरवर? कबड्डीच्या लिलावातून शिकायचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बोललो की धंद्यात पहिला चांगल्या पगाराचा माणूस कोणता ठेवायचा. विक्री आणणारा, की आहे ते सांभाळणारा? व्हिडिओत कबड्डीचं उदाहरण घाईत सांगितलं होतं. इथे ते आकड्यांसकट, निवांत बघू.

आपल्या रायगडात कबड्डी समजावून सांगायची गरज नाही. अलिबाग, पेण, उरण, रोहा, कुठेही जा, मैदानाच्या कडेला उभा असलेला शाळकरी पोरगासुद्धा तुम्हाला सांगेल की डावा कोपरा कच्चा आहे. पण त्याच पोराला विचारा, तुझा आवडता खेळाडू कोण? दहापैकी आठ वेळा नाव येईल ते चढाई करणाऱ्याचं. टाळ्या रेडरला पडतात. आणि जिथे टाळ्या पडतात तिथे पैसा आधी जातो, लिलावात पण आणि धंद्यात पण.

मग प्रो कबड्डीच्या लिलावात संघाने पहिला मोठा पैसा बचावपटूवर घालावा का? हाच वाद अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही दरवर्षी होतो. तिथे लिलाव नसतो, ३२ संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. सेफ्टी म्हणजे मागे राहून शेवटचा दरवाजा सांभाळणारा खेळाडू. पहिल्या फेरीची किमती निवड त्याच्यावर घालवायला बरेच संघ कचरतात. तरी २०२२ साली बाल्टिमोर रेव्हन्स संघाने काइल हॅमिल्टन हा सेफ्टी १४ व्या क्रमांकावर घेतलाच. म्हणजे प्रश्न सगळीकडे एकच आहे.

पकडीची खरी किंमत किती?

वरवर बघितलं तर रेडर महाग असणं बरोबर वाटतं. एका चढाईत तो दोन-तीन गडी मारून येऊ शकतो. पकडीला मात्र एकच गुण. तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेली पकड असेल, तर दोन.

पण हिशोब इथे थांबत नाही. एक पकड झाली की तीन गोष्टी होतात. एक, गुण मिळतो. दोन, आपला बाद झालेला एक गडी आत येतो. तीन, समोरचा रेडर बाहेर बसतो, आणि तो त्यांचा मुख्य रेडर असेल तर तो परत येईपर्यंत त्यांची चढाई दुबळी होते. गुणफलकावर दिसतो फक्त पहिला फायदा. बाकीचे दोन दिसत नाहीत, म्हणून बाजारात त्यांची किंमत बरेचदा कमी लागते.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा: जे काम दिसत नाही, ते स्वस्तात मिळण्याची शक्यता जास्त.

२०१८ चा यू मुम्बाचा डाव

आता आपल्या मुंबईच्या संघाचं बघा. २०१८ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे ४ कोटी रुपये होते. यू मुम्बाने फझल अत्राचली या इराणच्या डाव्या कोपऱ्याच्या बचावपटूला १ कोटीला घेतलं. म्हणजे चार आण्यातला एक आणा एका बचावपटूवर. त्याच लिलावात हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयत या रेडरवर १ कोटी ५१ लाख लावले, त्या वर्षीची सर्वात मोठी बोली.

मग यू मुम्बाच्या चढाईचं काय? त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई घेतला, ३६ लाख ४० हजारांत. तेव्हा प्रो कबड्डीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्या हंगामात त्याने चढाईत २१८ गुण काढले. यू मुम्बा प्ले-ऑफला गेला. हरियाणा आपल्या गटात तळाला राहिला.

खरी गंमत पुढच्या वर्षी. २०१९ ला तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना उचललं. यू मुम्बाचा सर्वात मोठा रेडर गेला, पण फझल राहिला. तो हंगाम संपला तेव्हा यू मुम्बा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. टायटन्स प्ले-ऑफमध्येसुद्धा नव्हता.

यात बचावपटू श्रेष्ठ आणि रेडर कनिष्ठ असं काही नाही. सिद्धार्थ २०१८ ला जितका चांगला होता, तितकाच २०१९ ला लिलावात उभा राहतानाही होता. बदलली ती किंमत. चार पट महाग झाल्यावर त्याच्याभोवती उरलेला संघ बांधायला पैसे कमी पडतात.

पुण्याचा पलटा

पुणेरी पलटणने २०२२ ला फझलला १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि संघ अंतिम फेरीत गेला, तिथे जयपूरकडून हरला. पुढच्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे ५ कोटी होते. पलटणने परत डावा कोपराच घेतला, यावेळी मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटी ३५ लाखांना. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर. त्या हंगामात शादलुईने पकडीत ९९ गुण मिळवले, आणि १ मार्च २०२४ ला पलटण पहिल्यांदा विजेती झाली. पुढच्या वर्षी तोच शादलुई हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला. अंतिम सामन्यात समोर होता पाटणा, ज्यांच्याकडे त्या हंगामातला सर्वात यशस्वी रेडर देवांक दलाल होता. निकाल ३२-२३, हरियाणा विजेता.

इथे थांबलात तर तुम्ही म्हणाल, सर, ठरलं! डिफेंडर घ्या आणि जिंका.

थांबा. २०२५ ला शादलुई गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतला, आणि देवांकला बंगालने २ कोटी २० लाख ५० हजारांना. त्या लिलावातले हे दोन सर्वात महाग खेळाडू, एक बचावपटू, एक रेडर. दोघांचेही संघ पहिल्या आठात आले नाहीत.

मग पुण्यात चाललं ते गुजरातमध्ये का चाललं नाही? पलटणकडे शादलुई येण्याआधीच अस्लम इनामदारसारखे घडवलेले तरुण खेळाडू होते. आधीच्याच हंगामात ते अंतिम फेरी खेळले होते. चढाई तयार होती, साखळीत साथ देणारे गडी तयार होते. महाग माणूस तयार घरात आला. कोपऱ्याचा गडी घोटा धरतो, पण बाजूच्याने वेळेत झडप घातली नाही तर रेडर मध्य रेषा गाठतोच. एकट्याची पकड फार वेळा टिकत नाही.

आता तुमच्या गल्ल्याकडे या

धरा की तुमचा सुक्या मासळीचा पॅकिंगचा धंदा आहे. महिन्याला ३ लाखांची विक्री, सगळा खर्च जाऊन २० टक्के सुटतात, म्हणजे ६०,०००. त्याशिवाय दर महिन्याला १५,००० रुपये गळतात. थोडा माल दमट होऊन फुकट जातो, थोडी उधारी बुडते, थोडं वजनात जातं.

ही गळती थांबली तर १५,००० थेट खिशात. तेच १५,००० नवीन विक्रीतून हवे असतील, तर किती विक्री वाढवावी लागेल? ७५,०००. म्हणजे चालू विक्रीच्या २५ टक्के! ही झाली पकडीची ताकद.

पण मर्यादाही समजून घ्या. गळती १५,००० ची असेल आणि ती थांबवणाऱ्याचा पगार १४,०००, तर हाती उरले १,०००. आणि विक्रीच ४०,००० ची असेल तर सांभाळायचं काय? कबड्डीत पकड स्वतः गुण देते. धंद्यात सांभाळणारा फक्त आहे तेच वाचवतो, नवीन गिऱ्हाईक आणत नाही. हा फरक विसरू नका.

नागाव-काशीदच्या होमस्टेवाल्यांनी तर हे नक्की करून बघावं. बुकिंग आणणारा माणूस महत्त्वाचा, मान्य. पण शनिवारी खोल्या भरल्या आणि टाकीत पाणी नाही, चादरी ओल्या, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि बाहेर जे सांगतं त्याने पुढचे चार जातात. ती खोली सांभाळणारी ताई म्हणजे तुमचा डावा कोपरा. तिचा पगार सगळ्यात शेवटी ठरवता ना?

निर्णयाआधी चार प्रश्न

१. माझी चढाई चालू आहे का? रोजची विक्री बऱ्यापैकी येत नसेल तर पहिला पैसा रेडरवरच. आधी गुण, मग राखण.

२. गळती किती रुपयांची आहे? अंदाज नको. एक महिना रोज लिहा: फुकट गेलेला माल, बुडालेली उधारी, परत आलेली ऑर्डर.

३. हा माणूस एकटा चालेल की त्याला साथ लागेल? हिशोबनीस ठेवला आणि तुम्हीच बिलं लिहीत नसाल, तर तो धरणार काय?

४. याला घेतल्यावर बाकीच्यांसाठी किती उरतं? थैली ५ कोटींची असो की ५०,००० ची, एका माणसावर निम्मी गेली तर उरलेल्या निम्म्यात सगळा संघ उभा करायचा आहे. तो आधीच उभा असेल तरच ही उडी घ्या.

माझं मत विचाराल तर सरळ सांगतो. ज्यांची विक्री सुरू झाली आहे आणि तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही, त्यांनी पहिला मोठा पगार सांभाळणाऱ्याला द्यावा, आणि विक्रीसाठी एखादा शिकाऊ, भुकेला पोरगा घेऊन घडवावा. ज्यांची विक्रीच सुरू नाही, त्यांनी उलटं करावं.

या महिन्यात दुसऱ्या प्रश्नाची वही सुरू करा. शेवटच्या तारखेला जो आकडा येईल, तो समोर ठेवून मगच कोणाला कामावर ठेवायचं ते ठरवा. पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी आखायची ते पाहू. भेटूया!