इब्लीस, देवचार आणि सैतान : एका संज्ञेचा प्रवास

बीदर जिल्ह्यातील हळ्ळीखेड (बी) परिसरात कन्नड, मराठी व दखनी उर्दू या तिन्ही भाषा नांदतात आणि ‘सैतान’ हा शब्द तिन्हींना परिचित आहे. खोडकर मुलाला तो लावला जातो, तसाच मानसिक आजाराने ग्रासलेल्या रुग्णालाही. अरबी ‘शैतान’ फारसीमार्गे मराठीत स्थिरावला. पुढे मराठी बायबलनेही हाच शब्द स्वीकारला. परिणामी इस्लामी, ख्रिस्ती आणि युरोपीय साहित्यातील निरनिराळी पात्रे मराठी वाचकाला एकच वाटू लागली.

पवित्र कुरआनातील इब्लीस हा अल्लाहचा प्रतिस्पर्धी नाही, निर्मितीपैकीच एक आहे. सूरह कहफमध्ये तो जिन्नांपैकी असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. हजरत आदम (अलै.) यांच्यापुढे नमण्यास त्याने नकार दिला. आपण अग्नीपासून आणि आदम मातीपासून, म्हणून आपण श्रेष्ठ, हा त्याचा युक्तिवाद होता. पहिला वंशाभिमान तो हाच. त्याने कयामतपर्यंत मुदत मागितली व ती त्याला मिळाली. चूक घडली ती आदम व त्यांच्या पत्नी या दोघांकडून. दोष एकट्या स्त्रीवर टाकलेला नाही. सूरह इब्राहीममध्ये तर निवाड्याच्या दिवशी सैतान स्वतःच सांगतो की त्याची माणसांवर सत्ता नव्हती, त्याने केवळ हाक दिली होती.

हिब्रू ‘सातान’चा अर्थ विरोधक. ईयोबाच्या ग्रंथात तो ईश्वरी दरबारात उपस्थित असतो आणि परवानगी घेऊनच ईयोबाची परीक्षा पाहतो. ‘ल्युसिफर’ हे नाव नंतर चिकटले. यशयाच्या ग्रंथात बाबिलोनच्या राजाला उद्देशून आलेल्या प्रभातताऱ्याचा हा लॅटिन अनुवाद.

मराठीत या पतित देवदूताची कथा सविस्तर आली ती इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त. हा ओवीबद्ध ग्रंथ गोव्यातील राशोल येथे 1616 साली छापला गेला. मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ 1667चे, म्हणजे मराठी ओवी एक्कावन वर्षांनी आधीची! इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात याची नोंद क्वचितच घेतली जाते. स्टीफन्स यांच्या मराठीत सैतानासाठी ‘देवचार’ हा शब्द येतो. गोमंतकातील हिंदू लोकपरंपरेत मात्र देवचार हा गावाचा राखणदार मानला जातो. एकाच भूमीत एकाचा रक्षक तो दुसऱ्याचा शत्रू ठरला.

दान्तेचा ल्युसिफर नरकाच्या तळाशी बर्फात रुतलेला, जवळजवळ मुका आहे. मिल्टनचा सैतान वक्ता आहे, सेनानी आहे. पुढील काळातील काही वाचकांना तो स्वातंत्र्यवीरच वाटला. ही वाट इस्लामी परंपरेला सर्वस्वी अपरिचित नाही. मन्सूर हल्लाज (मृत्यू 922) यांनी इब्लीसच्या नकारात एकेश्वरनिष्ठेची शोकांतिका पाहिली होती. बहुसंख्य उलेमांनी हे मान्य केले नाही आणि ते योग्यच होते, कारण कुरआनात नकारामागे निष्ठा नव्हे, अहंकार सांगितला आहे. ग्योएटेच्या ‘फाउस्ट’मधील (पहिला भाग 1808) मेफिस्टोफेलीस ईश्वराच्या अनुज्ञेनेच माणसाला भुलवायला निघतो. या दृष्टीने तो मिल्टनच्या बंडखोरापेक्षा कुरआनातील इब्लीसला जवळचा आहे. ग्योएटे आणि मिल्टन दोघांनाही जाणणाऱ्या इक्बाल यांनी 1936च्या ‘इब्लीस की मजलिस-ए-शूरा’ या कवितेत इब्लीसला सल्लागारांसह जागतिक राजकारणावर खल करायला बसवले.

हा भेद केवळ साहित्यिक नाही. ‘सैतान लागला’ असे म्हणून मारहाण, धुरी, साखळदंड असे उपाय होतात, तेव्हा ज्या सत्तेचा कुरआनने इन्कार केला तीच सत्ता सैतानाला बहाल केली जाते. सूरह बकरामध्ये व्याज खाणाऱ्याला सैतानाच्या स्पर्शाने भ्रमिष्ट झालेल्याची उपमा दिली आहे. तिच्या आधारे अनेक भाष्यकारांनी बाधा शक्य मानली, हे खरे. परंतु झमख्शरी (मृत्यू 1144) यांनी ही उपमा अरबांच्या प्रचलित समजुतीला अनुसरून आल्याचे म्हटले. शिवाय बाधा मानणाऱ्यांच्या मतातूनही रुग्णाला मारण्याची मुभा आपोआप निघत नाही. कर्नाटकात 2017 साली संमत होऊन 2020 पासून लागू झालेल्या अमानुष अनिष्ट प्रथाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण हा गुन्हा आहे, मग ती करणारा मांत्रिक असो वा आमिल.