सिंहलद्वीपी पाली शिकावयास

आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांस सिंहलद्वीप अगदीच अपरिचित नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे. गलबत फुटते, व्यापारी बेटास लागतात आणि तेथे त्यांस राक्षसिणी गाठतात. अशा त्या बेटावर १९०२ साली गोव्यातील साखवाळचे एक सारस्वत गृहस्थ विद्यार्थी म्हणून गेले. ते धर्मानंद कोसंबी होत.

परदेशगमन म्हटले की पदवी व पगार हेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. कोसंबी यांस यांतील काहीच नको होते. बुद्धाचे मूळ ग्रंथ वाचावयाचे, एवढाच ध्यास. या भूमीत पाली पठणाची परंपरा खुंटली होती. सिंहली भिक्षूंनी ती ताडपत्रांवर जतन केली होती. आपल्याच घरची ठेव पाहावयास समुद्र ओलांडावा लागला!

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, १८७३ साली ते स्थापन करणाऱ्या सुमंगलाचार्यांपाशी, त्यांनी अध्ययन आरंभिले व श्रामणेर झाले. ग्रंथ सिंहली लिपीत. पुण्यात व काशीत संस्कृत शिकून आलेल्या या विद्यार्थ्यास पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. धर्माचे धम्म, निर्वाणाचे निब्बान! पाणिनीवर वाढलेल्या कानास हे प्रथम खटकते, आम्हांसही खटकले. पण चार पाने वाचताच त्यातील गोडी कळते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. १८९९ च्या अखेरीस कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. विद्यार्थ्याच्या त्यागाची आपण स्तुती करतो. त्या त्यागाचा पहिला भार कोणावर पडतो, हे विचारीत नाही. एकत्र कुटुंबात लेकरास दूधभात मिळतो खरा, परंतु नवरा परतेल की नाही ही काळजी जावा-नणंदांस वाटून देता येत नाही. पुढे कोसंबी परतले, संसार पुन्हा मांडला गेला आणि १९०७ साली दामोदर जन्मले. तेच पुढे विख्यात गणिती झाले. तरीही मधल्या वर्षांचा हिशेब बाळाबाईंच्या बाजूनेही मांडला जावा, असे आमचे मत आहे.

१९१२ पासून कोसंबी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापटांसारखे पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आमच्या शहरात डॉ. आंबेडकरांनी १९५० साली काढलेल्या महाविद्यालयास 'मिलिंद' हे नाव आहे. ते पाली ग्रंथात नागसेनास प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. येथील विद्यापीठातही आता पाली शिकविली जाते, आणि ग्रंथ देवनागरीत मिळतात.