स्नायूंचा ब्रेक आणि रुआकुराचे बैल

न्यूझीलंडमध्ये राहत असाल, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेच्या कुरणात उड्या मारणारी कोकरं तुम्ही पाहिली असतीलच. त्या कोकराच्या मांडीत स्नायूंचे तंतू किती, हे बहुतांशी जन्माआधीच ठरलेलं असतं. पुढे चरून ते कितीही गुबगुबीत झालं, तरी वाढते ती मुख्यतः तंतूंची जाडी.

हे पोटात ठरतं कसं? गर्भाच्या पाठीत, मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पेशींचे छोटे गठ्ठे तयार होतात. त्यांतल्या काही पेशी स्नायूंच्या वाटेला लागतात, त्या मायोब्लास्ट. त्या आधी भराभर विभागतात, मग विभागणं थांबवून एकमेकींना चिकटतात आणि चक्क एकमेकींत मिसळून जातात. म्हणूनच एका स्नायुतंतूत शेकडो केंद्रकं सापडतात. एकदा मिसळल्या की पुन्हा विभागणं नाही. तेव्हा सगळी मदार विभाजन किती काळ चालतं यावर.

या विभाजनाला ब्रेक लावणारं प्रथिन म्हणजे मायोस्टॅटिन. 1997 मध्ये अमेरिकेत अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी त्याचं जनुक बंद केलं, तर उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. त्याच वर्षी हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधन केंद्रातल्या रवी कंबदूर, मृदुला शर्मा (नावं ओळखीची वाटतात ना?) आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पहिलवानासारख्या दिसणाऱ्या बेल्जियन ब्लू आणि पिडमाँटीज गुरांत हाच ब्रेक निकामी असतो. बेल्जियन ब्लूमध्ये जनुकाची फक्त 11 अक्षरं गळाली आहेत! पुढे 2000 मध्ये रुआकुराच्याच गटाने दाखवलं, की मायोस्टॅटिन मायोब्लास्टना विभाजनाच्या उंबरठ्यावरच अडवतं.

मग ब्रेक काढूनच टाकावा? मांस भरपूर मिळेल. पण बेल्जियन ब्लूचं वासरू इतकं भरदार असतं, की गाईचं बहुतेक वेळा सिझेरियनच करावं लागतं. माझ्या मते ही किंमत फार झाली, आणि ती मोजते ती गाय.

न्यूझीलंडच्या कुरणांतली टेक्सेल मेंढी जरा सौम्य उदाहरण आहे. तिचं मायोस्टॅटिन धडधाकट असतं. एका अक्षराच्या बदलामुळे जनुकाचा निरोप मध्येच दाबला जातो आणि प्रथिन कमी बनतं, एवढंच. ब्रेक आहे, पण सैल. दुरून ओळखायची असेल, तर मागून पाहा: मांड्या चांगल्या भरलेल्या दिसतात.