पिंटो आणि ते अकरा डॉलर

व्यवसायनीती शिकवताना फोर्ड पिंटोचं उदाहरण हमखास येतं. 1970 साली अमेरिकेत आलेली ही छोटी, स्वस्त गाडी. मागून धडक बसली की टाकी फुटून पेट घ्यायची. कंपनीने म्हणे हिशेब मांडला, की गाडीमागे 11 डॉलर खर्चण्यापेक्षा मेलेल्यांची भरपाई देणं परवडेल, आणि गाडी तशीच विकली.

हिशेबाचा कागद खरा आहे. पण तो 1973 चा, म्हणजे गाडी रस्त्यावर आल्यानंतरचा. शिवाय तो पिंटोबद्दल नाही आणि मागच्या धडकेबद्दलही नाही. गाडी उलटल्यावर इंधन गळू नये, असा नियम सरकार आणत होतं. त्याला विरोध म्हणून फोर्डने सगळ्या कंपन्यांच्या मिळून 1 कोटी 25 लाख वाहनांचा खर्च काढला: 13 कोटी 70 लाख डॉलर. समोर 180 मृत्यू, 180 भाजलेले आणि जळालेल्या गाड्या टळण्याचा फायदा, 4 कोटी 95 लाख. एका जिवाला लावलेले 2 लाख डॉलर हा आकडा तर सरकारच्याच रस्ते सुरक्षा खात्याचा. काटा यायचाच तर दोघांच्याही नावाने यावा.

बळींचा आकडाही असाच फुगला. 1977 मध्ये ‘मदर जोन्स’ मासिकाने तो किमान 500 सांगितला. सरकारी तपासात मागच्या धडकेनंतर आग लागून गेलेले 27 जण सापडले.

एवढं वाचून ‘फोर्डची उगाच बदनामी झाली’ म्हणणारे भेटतात. हा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. पिंटोची टाकी मागच्या आसाच्या मागे होती, मधे जेमतेम काही इंच जागा, आणि डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या आसावरच्या गिअरच्या डब्यावर, उघडे बोल्ट. फोर्डने स्वतःच गाडी ताशी साधारण 34 किलोमीटर वेगाने मागून आदळून पाहिली. टाकी पुढे सरकली आणि बोल्टने तिला भोक पाडलं. इंधन भरायची नळीही निखळली. टाकीच्या आत रबरी पिशवी बसवल्यावर गळती थांबली. तरीही गाडी मूळ रचनेतच विकली. पिंटोच्या आगीवरून फोर्डवर झालेल्या ग्रिमशॉ खटल्यात ज्यूरींसमोर आल्या त्या या चाचण्या. तो गाजलेला कागद पुरावा म्हणून घेतलाच नव्हता.

‘पण नियम तर पाळले होते?’ पाळले होते. मागच्या धडकेत इंधन गळू नये हा नियम लागू झाला 1977 च्या मॉडेलपासून. आधी मोडायला नियमच नव्हता.

पिंटोच्या एका जीवघेण्या अपघातावरून चाललेल्या खटल्यात इंडियानातल्या ज्यूरींनी 1980 मध्ये फोर्डला मनुष्यवधाच्या आरोपातून सोडलं, पण तिथे प्रश्न अरुंद होता: जुलै 1978 पासून त्या अपघातापर्यंतच्या 41 दिवसांत मालकांना सावध करण्यात कंपनीने बेफिकिरी केली का? रचना बरोबर होती, असं त्या निकालाने म्हटलेलं नाही.

जून 1978 मध्ये फोर्डने सुमारे 15 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. बसवलं काय? लांब नळी, आणि टाकी व डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पत्रा.