क्रीममध्ये पाणी आहे? मग विकण्याआधी हे वाचा



'सर, घरी केलेलं कोरफडीचं क्रीम विकायचंय. एकदम नॅचरल, प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही!' असे मेसेज मला नेहमी येतात. माझा उलट प्रश्न एकच: त्यात पाणी आहे का?

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. क्रीमचंही तेच. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, दूध, सगळ्यात पाणी आहे आणि पाण्यात जंतू वाढतात. कोरडं उटणं महिनोन्‌महिने टिकतं, पण भिजवलेलं उटणं आपण दुसऱ्या दिवशी टाकून देतो ना? मग ओलं क्रीम सहा महिने कसं टिकेल?

'आम्ही व्हिटॅमिन ई घालतो.' त्याने तेल लवकर खवट होत नाही, पण जंतू थांबत नाहीत.

आणि वास किंवा रंग बदलायच्या आधीच जंतू वाढलेले असू शकतात. त्यातला एक स्यूडोमोनास. धडधाकट त्वचेला तो सहसा काही करत नाही, पण भाजलेल्या त्वचेत किंवा डोळ्यात गेला तर अवघड. बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यावर चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये त्याच्या औषधांना न जुमानणाऱ्या प्रकाराला सर्वांत गंभीर गटात टाकलं होतं.

'मग प्रिझर्व्हेटिव्ह थोडंसंच घालू' हा विचारही धोक्याचा. अर्ध्या डोसने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात. काही जंतूंच्या पेशीत रसायन बाहेर फेकणारे पंप असतात. तेच पंप अँटिबायोटिकही बाहेर फेकू शकतात.

तर मग करायचं काय?

1. सुरुवात बिनपाण्याच्या मालाने करा: लिप बाम, तेल, कोरडं उटणं.

2. पाणी असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह योग्य प्रमाणातच घाला. उदा. फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा 1 टक्का आहे.

3. लॅब टेस्ट करा. आयएसओ 17516 नुसार 1 ग्रॅममध्ये जंतूंची संख्या 1000 पर्यंत चालते. डोळ्यांजवळच्या आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या मालात 100 पर्यंतच. ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास आणि कॅन्डिडा तर सापडताच कामा नयेत.

4. उघड्या डबीपेक्षा ट्यूब किंवा पंप बाटली घ्या. ब्रिटनच्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने 2019 मध्ये लोकांच्या वापरातली 467 मेकअप उत्पादनं तपासली. बहुतेकांत जंतू निघाले. म्हणजे माल तुमच्याकडून स्वच्छ गेला तरी गिऱ्हाइकाचं बोट त्यात जाणारच.

5. लायसन्स घ्या. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला ते लागतंच. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. स्वतःचं युनिट नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये लोन लायसन्सवर माल बनवता येतो.

टेस्टचा खर्च जड वाटतोय? तो पहिल्यापासून किमतीत धरा. एका ताईच्या डोळ्याला इजा झाली, तर ती भरपाई कुठल्याच किमतीत बसत नाही.

आज एकच काम करा: तुमची रेसिपी कागदावर लिहा आणि पाणी असलेल्या प्रत्येक घटकाभोवती गोल करा. एक जरी गोल झाला, तरी टेस्टचा रिपोर्ट हातात येईपर्यंत विक्री नाही!