जक्कल आठवतो, शास्त्री आठवत नाहीत

शिरूरच्या एसटी स्टँडवर किंवा दौंडला पुण्याच्या गाडीची वाट बघत असलेल्या, साठी उलटलेल्या कुणापाशीही ‘माफीचा साक्षीदार’चा विषय काढावा. गोष्ट सांगावी लागत नाही. ‘तो जक्कलचा पिक्चर ना?’ असं म्हणून माणूस स्वतःच बोलू लागतो. राजदत्तांनी 1986 साली पडद्यावर आणलेल्या या चित्रपटात नाना पाटेकरांच्या पात्राचं नाव राघवेंद्र आहे, पण बोलताना सगळे त्याला जक्कलच म्हणतात. कित्येक वर्षं मी या चित्रपटाबद्दलची लोकांची मतं ऐकत आलो आहे. चित्रपटाइतकीच, किंबहुना जास्तच, ती मतं मला धरून ठेवतात.

चित्रपट ज्या खऱ्या प्रकरणावर बेतला आहे, ते बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे मोजकंच सांगतो. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा माणसं मारली गेली. मारणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. आणीबाणीचे दिवस होते, वर्तमानपत्रांवर बंधनं होती, त्यामुळे बातमीच्या आधी अफवाच गावोगाव पोचायची. शेवटचा खून 23 मार्च 1977चा, आणीबाणी उठल्यानंतर दोनच दिवसांनी झालेला. अलका टॉकीजपाशी भावाला भेटायला निघालेल्या तरुणाला ओळखीच्याच मुलांनी नेलं. नदीत टाकलेला त्याचा मृतदेह वर आला आणि नायलॉनच्या दोरीच्या गाठींनी तपासाला दिशा दिली. 28 सप्टेंबर 1978ला सत्र न्यायालयानं फाशी सुनावली आणि 27 नोव्हेंबर 1983ला राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शाह हे चौघे येरवड्यात फासावर गेले. मुनव्वरनं तुरुंगात लिहिलेलं ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे पुस्तकही खूप वाचलं गेलं.

पुण्यातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट स्वतःच्या गल्लीची आठवण म्हणून भिडतो. संध्याकाळी लवकर लागणाऱ्या कड्या, ओस पडलेले रस्ते, बेल वाजली की दचकणं. आमच्या शिरूर-दौंडच्या भागात भीतीचं कारण वेगळं होतं. घोडनदीकाठच्या आणि भीमेकाठच्या गावांतून पोरं शिकायला पुण्यात जायची, खोली घेऊन राहायची, डबा लावायची. ती कुणात बसतात-उठतात, हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. म्हणून इकडे चित्रपटाचं नाव निघालं की पहिला शब्द येतो तो ‘संगत’. खुनांच्या आधी, नानाच्याही आधी. ‘पोरं चांगल्या घरची होती, संगतीनं गेली’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आमच्याकडची या चित्रपटावरची समीक्षा तीच, असं मी मानतो. ती अपुरी आहे. संगतीचा दोष काढताना ज्याच्या संगतीनं बाकीचे गेले, त्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

राजदत्तांबद्दलचा अचंबाही इकडे जास्त. 1979च्या ‘अष्टविनायक’मुळे ते घराघरांत पोचलेले. त्या आठांतला रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातला आणि सिद्धटेकची वाट दौंडवरून जाणारी. त्याआधी गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’ही त्यांचाच. ‘देवाचा पिक्चर काढणाऱ्यानं हे कशाला काढलं?’ ही तक्रार मी ज्येष्ठ बायकांकडून ऐकली आहे. मला ती पटत नाही. गाडगेबाबांवर चित्रपट करणाऱ्याला माणूस किती खाली जाऊ शकतो, याची कळकळ असणारच.

मग नाना. 1986 हे साल त्याच्या प्रेक्षकांनी नीट बघावं. त्याच वर्षी एन. चंद्रांचा ‘अंकुश’ आला. त्यातही चार तरुण आहेत, त्यांच्यातही नाना पुढे आणि तेही शेवटी फाशी जातात. पण ‘अंकुश’मधले चौघे एका मुलीवरच्या अत्याचाराचा सूड घेतात आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी रडतो. इकडे त्याच नटाच्या त्याच तापट नजरेला प्रेक्षक घाबरतो. मात्र घाबरतानाही त्या नजरेवरून डोळे निघत नाहीत, आणि माझा आक्षेप इथे सुरू होतो. चाळीस वर्षांनंतर लोकांच्या बोलण्यात नानाचं हसणं उरलं आहे. मेलेल्यांपैकी कुणाचा चेहरा उरलेला नाही. अभिनय थोर आहे, त्यात वाद नाही. पण नट जितका मोठा, तितका पडद्यावरचा खुनी मोठा होतो, आणि याचा हिशेब प्रेक्षकांनी कधी मांडला नाही.

चित्रपटाच्या नावावर तर कुणीच बोलत नाही. राजदत्तांनी नाव दिलं ते माफीचा साक्षीदार झालेल्या पाचव्या मित्राचं, खुन्यांच्या म्होरक्याचं नाही. खरा खटलाही त्याच्याच जबानीनं उभा राहिला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 306प्रमाणे गुन्ह्यातल्या साथीदाराला माफी देता यायची, अट एकच, माहीत असलेलं सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्यानं कोठडीतच राहायचं. खोटं बोलला किंवा काही दडवलं, तर माफी जायची आणि मूळ गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालू शकायचा. तेव्हाचा पुराव्याचा कायदा एकीकडे म्हणायचा की साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देणं बेकायदा नाही, आणि दुसरीकडे न्यायाधीशाला सांगायचा की दुजोरा नसेल तर असा साक्षीदार अविश्वसनीय मानता येईल. इतका अवघड विषय राजदत्तांनी शीर्षकात ठेवला. आमच्याकडे यावर मत एवढंच, ‘तो सुटला’. काहींना ते पटतं, काहींना डाचतं. मला वाटतं, त्याच्या सुटण्याची किंमत देऊन समाजानं सत्य विकत घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं. नाहीतर बंद दारांआड काय घडलं, हे सांगणारं कोण उरलं होतं?

या प्रकरणाबद्दल वाचत असताना मला सर्वांत जास्त सापडलं ते एका म्हाताऱ्या माणसाबद्दल. 1 डिसेंबर 1976च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात पाच जण मारले गेले. घरचे आजी-आजोबा, दोन नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाई. आजोबा म्हणजे पंच्याऐंशी उलटलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचं व्याकरण-महाभाष्य मराठीत आणलं आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं ते खंडाखंडांनी छापलं. त्याचा प्रस्तावनाखंड काशिनाथशास्त्रींनी लिहिला. नुसती पाठराखण करणारी ती प्रस्तावना नाही, व्याकरणशास्त्राचा सबंध इतिहासच तिथे आहे, आणि तो मराठीत आहे. 1961 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्यांचा संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश निघाला. 1967 साली भांडारकर संस्थेनं त्यांनी संपादलेला ‘परिभाषासंग्रह’ प्रसिद्ध केला. पाणिनीच्या सूत्रांचा अर्थ लावताना कोणता नियम कुठे चालतो, कोणता कोणावर मात करतो, हे ठरवणाऱ्या परिभाषांची वेगवेगळ्या परंपरांतली संकलनं त्यात एकत्र आहेत. एका माणसाच्या आयुष्यात मावू नये एवढं हे काम.

चित्रपटाच्या प्रेक्षकांना शास्त्रीबुवा माहीत आहेत ते ‘अभ्यंकर कुटुंबातले म्हातारे’ एवढेच. मारल्या गेलेल्या दोन कुटुंबांवरून खटल्याला ‘जोशी-अभ्यंकर’ हे नाव मिळालं, म्हणजे आडनाव तेवढं वाचलं. विवेक वाघ यांच्या ‘जक्कल’ या माहितीपटाला सर्वोत्कृष्ट शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अनुराग कश्यपचा ‘पाँच’ याच प्रकरणावरून सुचला आणि सेन्सॉरपाशी अडकल्यामुळे चर्चेत राहिला. पुन्हा मध्यभागी मारणारेच. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

म्हणून शिरूर-दौंडच्याच नव्हे, सगळ्या वाचकांना विनंती आहे. हा चित्रपट जरूर बघा, नानाचं कौतुक करा, पाचव्या मित्रावर भांडा. पण मुलांना ‘जक्कल कोण होता’ हे सांगाल त्याच बैठकीत काशिनाथशास्त्री कोण होते हेही सांगा, आणि जवळच्या ग्रंथालयात महाभाष्याचा प्रस्तावनाखंड नसेल तर मागवायला लावा. त्यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1977 साली बडोद्याहूनच निघाली, त्यांच्या खुनानंतरच्या वर्षी, आणि संस्कृत व्याकरणाचे अभ्यासक तो कोश आजही वापरतात.